काळ्या पट्टीखालचं नाव

एम.ए. झाल्यावर मला पेठेतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. आठवड्याचे ठरावीक तास, बाकीचा वेळ स्टाफरूमचा कोपरा. मी फारशी बोलणाऱ्यातली नाही, त्यामुळे कोपरा सोयीचा होता. पण दुसऱ्या सत्रात कॉलेजच्या गुणवत्ता मूल्यांकनाची तयारी सुरू झाली. बाहेरून समिती येणार होती आणि त्याआधी कॉलेजने स्वतःबद्दलचा मोठा अहवाल इंग्रजीत पाठवायचा होता. "ती कॉन्व्हेंटची आहे ना, तिला बसवा," एवढ्यावर माझी नेमणूक झाली.

प्रयोगशाळेला लागून सामानाची एक खोली होती, तिथे हे काम चालायचं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि भिंतीला टेकून फायलींच्या थप्प्या. समन्वयक सर रसायनशास्त्राचे, निवृत्तीच्या जवळ आलेले, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी डायरी. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मराठी वाचता येतं ना? की त्याचंही भाषांतर करून द्यायचं?"

"येतं, सर."

"मग बसा. बाकीचं निभावून नेऊ."

मराठी मला येत होतं, पण वाचायला वेळ लागायचा. हाताने लिहिलेलं तर मी ओळीखाली बोट ठेवूनच वाचायचे.

मूल्यांकनात काय शिकवलं यापेक्षा शिकवल्याचा पुरावा जास्त लागतो, हे मला त्या खोलीत कळलं. कॉलेजात एखादं व्याख्यान झालं, तर ते झालं असं सांगून भागत नाही. त्याची सूचना लागते, फोटो लागतो, फोटोवर जागा आणि वेळ छापलेली लागते, आणि हजर असलेल्यांच्या सह्या लागतात. हे सगळं स्कॅन करून कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायचं आणि त्याची लिंक अहवालात द्यायची. समितीने लिंक उघडायची आणि पुरावा बघायचा. समितीशिवाय आणखी कोण उघडेल, हा विचार कुणी केलेला नव्हता. मीही नाही.

सह्यांच्या कागदावर चार रकाने असायचे : नाव, वर्ग, मोबाइल, सही. मोबाइल कशाला, असं मी एकदा विचारलं.

"नंबर असला की यादी खरी वाटते," सर म्हणाले. "नुसती नावं काय, मीही बसल्या बसल्या शंभर लिहीन."

मला स्वतःला नंबर द्यायला आवडत नाही. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात बिल करताना नंबर मागितला, तेव्हा मी नको म्हणाले होते. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "नंबरच मागितलाय, पत्रिका नाही." मागे उभे असलेले हसले. मी तरीही दिला नाही. आणि तीच मी त्या खोलीत बसून मुलामुलींचे नंबर पानांमागून पानं वेबसाइटवर चढवत होते. सांगितलेलं काम होतं, आणि ते वेळेत होत होतं, याचं मला बरं वाटायचं.

मग एक दिवस समुपदेशन कक्षाची नोंदवही आली.

कॉलेजात मंगळवारी आणि शुक्रवारी समुपदेशक बाई यायच्या. ज्या मुलांना कुणाशी बोलावंसं वाटे ती त्यांच्याकडे जात. अहवालात 'विद्यार्थ्यांना साहाय्य' असं एक कलम होतं आणि त्यासाठी ही वही पुरावा म्हणून हवी होती. बाईंचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून सरांनी सगळी माहिती टाइप करून तक्ता करायला सांगितला. पूर्ण नाव, वर्ग, मोबाइल, तारीख, कारण.

शेवटच्या रकान्याशी मी अडले. चटकन वाचता आलं असतं तर कदाचित नजर वरून घसरून गेली असती. मला एकेक शब्द लावावा लागत होता, त्यामुळे एकेक शब्द मनात राहत होता. काय काय लिहिलं होतं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. त्यातली निम्मी मुलं मी वर्गात रोज बघत होते.

मी वही घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, हे असंच चढवायचं?"

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"नाही. यात मुलांची नावं आहेत. आणि कारणं."

"समुपदेशन झालं हे दाखवायचंय. कुणाचं झालं ते नको?"

"कारणं नकोत, सर. नावंही नकोत."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नुसते आकडे दिले तर समिती म्हणेल, घरी बसून केलंय."

"मग नावांवर काळी पट्टी मारते. नंबरवरही. खाली काहीतरी आहे एवढं दिसेल."

"पेपरात गुन्हेगाराच्या डोळ्यांवर मारतात तशी?" ते म्हणाले. "मारा."

माझ्यासाठी हे मोठं भांडण होतं. कारणांचा रकाना मी काढून टाकला. मग प्रत्येक नावावर आणि नंबरावर कॉम्प्युटरवरच काळी चौकट काढून बसवली. दीड दिवस गेला. शेवटी पान मोठं करून एकेक ओळ तपासली. कुठेही वेलांटीचं टोक बाहेर डोकावत नव्हतं. वर शीर्षक दिलं, 'समुपदेशन कक्ष : लाभार्थी विद्यार्थी'. लाभार्थी हा शब्द सरांचा.

फाइल चढवली, महिन्याअखेर अहवाल गेला, आणि सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवले. आता समिती येऊन जाईपर्यंत कुठल्याही लिंकला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं आणि वेबसाइटचा पासवर्ड बदलून डायरीत लिहून ठेवला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका मंगळवारी, शेवटच्या वर्षाच्या माझ्या वर्गातली एक मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. धायरीहून यायची, दुसऱ्या बाकावर बसायची, वर्षभरात तिने वर्गात एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मला अशी मुलं समजतात.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत?"

सर बाटली भरून आणायला बाहेर जाईपर्यंत ती दारातच थांबली. मग आत आली आणि फोन माझ्यासमोर धरला. तिने सर्चमध्ये स्वतःचं नाव टाकलं होतं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं लिहितात. तिन्ही नावांचा तो जोड जगात दुसऱ्या कुणाचा असायची शक्यता कमीच. पहिलीच ओळ आमच्या कॉलेजच्या फाइलची होती. खाली बारीक अक्षरांत 'समुपदेशन कक्ष : लाभार्थी विद्यार्थी', तिचं पूर्ण नाव, वर्ग, मोबाइल नंबर.

मी फाइल उघडली. काळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या.

"इथे तर दिसत नाहीये," मी म्हणाले.

तिने एका पट्टीवर बोट दाबून धरलं, मजकूर कॉपी केला आणि मेसेजच्या चौकटीत टाकला. तिचं नाव जसंच्या तसं बाहेर आलं.

मी नावावर पट्टी ठेवली होती, नाव काढलंच नव्हतं. टेबलावर कापड टाकलं म्हणून खालचा डाग जात नाही, तसं. माणसाच्या डोळ्यांना पट्टी दिसत होती. यंत्राला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"घरी माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "मंगळवारी क्लास असतो म्हणून सांगते. कळलं तर कॉलेज बंद करतील. परीक्षा तोंडावर आलीये."

"पण घरचे कशाला शोधतील?"

"दादा शोधेल. चुलत. खराडीला कंपनीत आहे. घरात कुणाचं स्थळ आलं की पहिलं नाव टाकून बघतो, तिकडचंही आणि आमचंही. आपल्याबद्दल काय काय दिसतं ते त्यांना दिसायच्या आधी आपल्याला माहीत पाहिजे, म्हणतो." तिने फोन खाली घेतला. "माझं बघायला लागलेत. रविवारी येणारेत लोक."

एवढ्यात तिचा फोन वाजला. "कॉलेजातच हाय," ती बारीक आवाजात म्हणाली. "येतीय ना. निघालेच." फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणी केलं असेल, मॅडम?"

"मी बघते," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

सर परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की पट्टीखालची नावं निघतायत. करून दाखवलं.

"अहवाल गेलाय," ते म्हणाले. "आता पुराव्याला हात लावला तर म्हणतील, काहीतरी लपवलं."

"लपवायचंच आहे, सर."

"ते तुम्हाला आणि मला कळतंय. समिती येऊन जाऊ दे, मग काढू."

समिती यायला महिन्याहून जास्त अवकाश होता. रविवारला पाच दिवस होते. मुलीचं नाव मला सांगता येत नव्हतं, तिने काय सांगितलं तेही नाही, आणि ते सोडून माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि सर्चमध्ये सरांचं पूर्ण नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट.

काय येईल ते मला माहीत होतं. शिक्षकांच्या पात्रतेचा पुरावा म्हणून सगळ्यांची कागदपत्रं मीच स्कॅन केली होती. सरांचं नेमणुकीचं पत्र आलं, पॅन कार्ड आलं, डोक्यावर भरपूर केस असतानाचा फोटो आला.

सर वाचत होते. "फ्लॅट नंबरसुद्धा आहे."

"हो, सर."

"जन्मतारीख आहे."

"हो."

"सोसायटीत मी चार वर्षं कमी सांगितलीत." ते खुर्चीत मागे टेकले. "हे कुणी चढवलं?"

"मी."

"आणि कुणी सांगितलं चढवायला?"

सरांनी खिशातून डायरी काढली, वेबसाइटचा पासवर्ड असलेलं पान उघडलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. सरांना 'मी' म्हणणं मला सोपं गेलं होतं, त्या मुलीला म्हणता आलं नव्हतं, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं.

फाइलचं नाव तेच ठेवलं म्हणजे लिंक मोडत नाही, आतला मजकूर बदलता येतो. मी नवा तक्ता कोऱ्या पानापासून सुरू केला, जुन्यातून काही उचललं नाही. अनुक्रमांक, वर्ग, महिना, एवढंच. मग लक्षात आलं की एका विषयाला शेवटच्या वर्षाला दोनच मुली आहेत, वर्ग लिहिला की त्या कळतात. वर्गही काढला, नुसतं कला, वाणिज्य, विज्ञान ठेवलं. कागद छापला, प्राचार्यांचा शिक्का घेतला आणि मग तो स्कॅन केला. खाली सरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती, 'मूळ नोंदवही समितीस समक्ष पाहता येईल.' पुढे समिती आली तेव्हा एका सदस्याने नावं का नाहीत असं विचारलंच. सर म्हणाले, "नावं आमच्याकडे सांभाळायला दिलीत. वही बघा, पण फोटो काढू नका." सदस्यांनी वही चाळली आणि परत दिली. एवढ्यावर ते संपलं.

पण तो आठवडा एवढ्यावर संपला नाही. फाइल बदलली तरी सर्चच्या पानावर जुन्या ओळी तशाच होत्या. त्या काढून टाका, असा विनंतीचा फॉर्म भरायचा असतो. तो मी भरला. विनंती मिळाली आहे, असं उत्तर आलं.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती आली. मी नाव टाकलं.

"आहे," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवारी तेच. तिचं नाव मी आता न अडखळता टाइप करत होते.

शुक्रवारी समुपदेशक बाई आल्या. मी त्यांना घडलं ते सांगितलं, कुणाचं नाव न घेता. त्यांनी आवाज चढवला नाही. "मी वही दाखवायला दिली होती," त्या म्हणाल्या, "वाटायला नाही." मग कपाटातून नवी कोरी वही काढून माझ्यासमोर ठेवली. "रेघा मारून द्या. नावाचा रकाना नको. प्रत्येकाला एक क्रमांक देईन, नाव माझ्या डोक्यात राहील." मी तिथेच बसून पट्टीने रेघा मारल्या.

शनिवारी अर्धा दिवस असतो. ती सकाळीच आली. ओळी होत्याच.

"उघडलं तर आत काही नाही," ती म्हणाली, "पण उघडायच्या आधीच दिसतंय."

"हो."

"मी दादाला आधीच सांगून टाकू का, मॅडम?"

सांगितलं तर काय होईल ते तिला माहीत, मला नाही. "मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. ती यादी मी केली आहे, हेही त्याच वेळी बोलायला हवं होतं. सर पलीकडे बसले होते, हे मी मनातल्या मनात कारण धरलं.

रविवारी सकाळी आईबरोबर मंडईत गेले होते. दर दहा मिनिटांनी फोन काढून नाव टाकत होते.

"भाजी बघ," आई म्हणाली. "फोनमध्ये काय गवार निवडतेस?"

अकराच्या सुमाराला ओळी दिसल्या नाहीत. मी पुन्हा टाकलं. आडनाव आधी टाकलं. इंग्रजीत टाकलं. कुठेच काही नव्हतं. आधी वाटलं तिला फोन करावा. तिचा नंबर माझ्याकडे होता. यादी माझ्याच हातची, कॉम्प्युटरवरची जुनी प्रत मी पुसली असली तरी एवढे दिवस बघून बघून तो पाठ झाला होता. पण तो तिने मला दिलेला नव्हता. तिने तो बाईंना वहीपुरता दिला होता. मी फोन पिशवीत टाकला आणि गवार निवडायला घेतली.

सोमवारी ती मधल्या सुट्टीत आली. सर तासाला गेले होते.

"काल अकराला गेलं," मी म्हणाले.

"माहीत आहे. मी सकाळपासून बघत होते. लोक चारला आले."

"आणि दादा?"

"तो नऊलाच आला होता. त्याने बघितलं की नाही, माहीत नाही. काही बोलला नाही. तो न बोलणारा नाही, पण काल गडबडीत होता." तिने खांदे उडवले. "त्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय. आईला मुलगा काळा वाटला, त्यामुळे आमच्याकडूनच नकार जाईल बहुतेक."

मी कॉम्प्युटरकडे बघत बोलले. "ती यादी मी केली होती. पट्ट्याही मीच मारल्या."

"माहीत आहे, मॅडम."

"कसं?"

"फाइल उघडली की वर तीन टिंबं असतात ना, त्यावर दाबलं की माहिती येते. फाइल कुणी बनवली त्याचं नाव. तुमचं पूर्ण नाव होतं." ती अगदी साधेपणाने सांगत होती. "वडिलांचंही."

"कधी बघितलंस?"

"पहिल्याच दिवशी. इथे यायच्या आधी."

"मग विचारलंस का, कुणी केलं म्हणून?"

"तुम्ही सांगता का, बघत होते."

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी ती उभीच होती.

"तुम्ही बघते म्हणालात आणि रोज बघत होतात," ती म्हणाली. "म्हणून येत राहिले." मग आवाज थोडा कमी करून म्हणाली, "उद्या बाई येणारेत ना? वहीत नाव द्यावं लागेल?"

"नाही. क्रमांक मिळेल. नाव कुठेच लिहायचं नाही."

"नक्की?"

"वही नवीन आहे. त्यात नावाचा रकानाच नाही. रेघा मी मारल्यात."

तिने मान हलवली आणि तासाला गेली.

त्यानंतरच्या आठवड्यांत सरांनी आणि मी मिळून मोबाइल नंबर असलेल्या सगळ्या याद्या एकेक करून उतरवल्या. शिक्षकांची कागदपत्रं उतरवली, त्यात सरांची पहिली. प्रत्येक नवी फाइल चढवण्याआधी मी ती तीन टिंबं दाबून माझं नाव आहे का बघायचे आणि पुसायचे. पुण्यातल्या दुसऱ्या कॉलेजांतही हेच काम करणारी माझ्यासारखी माणसं असतील आणि त्यांनीही अशाच चौकटी बसवल्या असतील, असं वाटायचं. पण विचारणार कुणाला?

ती मुलगी परीक्षेपर्यंत दुसऱ्या बाकावर बसत राहिली. परीक्षेच्या हॉलमध्ये एकदा माझ्याकडे पर्यवेक्षण होतं, तेव्हा तिने पुरवणी मागितली आणि मी दिली. मंगळवारी ती बाईंकडे जात राहिली की नाही, ते मला माहीत नाही. ती वही आता माझ्याकडे येत नाही.